'नो ड्यूज'पुरती लायब्ररी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही दिवस आपल्या वाचकपत्रांच्या सदरात 'आजची कॉलेजची मुलं वाचत नाहीत' यावर पत्रं येत आहेत. लिहिणारे बहुतेक निवृत्त शिक्षक आहेत, काही पालकही आहेत. त्यांची कळकळ खरी, पण निदान चुकतंय असं मला वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलं. मी पलूस तालुक्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझ्यासमोर जी मुलं येतात ती सकाळी एसटीत बसल्यापासून रात्री मोबाइल चार्जिंगला लावेपर्यंत वाचतच असतात. स्टेटस, फॉरवर्ड, भरतीच्या जाहिराती, प्रश्नसंच, खालच्या कमेंटा. आमच्या वयाच्या माणसांनी कॉलेजात असताना एवढी अक्षरं डोळ्यांखालून घातली नसतील. तेव्हा वाचनाचा दुष्काळ वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. समोर आलेलं हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला ते कुठून कळलं, एवढं विचारायची सवय त्यांना कुणी लावलेली नाही. दुखणं आहे ते इथं.

ती सवय लावणं हे ज्याचं काम आहे तो माणूस प्रत्येक कॉलेजात असतो, म्हणजे जागा भरलेली असेल तर असतो. ग्रंथपाल व्हायला नेट-सेटची अट प्राध्यापकांसारखीच, वेतनश्रेणीही तीच. पण वर्गावर जायचा प्रश्न आला की तो अचानक 'लायब्ररीवाला' होतो. मुलाची आणि आमची गाठ ठरलेल्या दोन वेळी पडते. प्रवेश घेतल्यावर कार्डासाठी आणि शेवटच्या वर्षी दाखला काढताना 'नो ड्यूज'वर सही घ्यायला. मधल्या काळात काहीजण येतात, ते बहुतेक स्पर्धा परीक्षेची पुस्तकं न्यायला किंवा पंख्याखाली बसायला. त्यालाही माझी हरकत नाही.

एक उदाहरण देते, म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल.

बी.ए.ला इतिहास घेतलेली एक मुलगी फील्ड प्रोजेक्टसाठी ब्रिटिश राजवटीला समांतर उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारवर लिहीत होती. विषय घराजवळचा, त्या चळवळीचं केंद्र असलेलं कुंडल तिच्या गावापासून फार लांब नाही. काउंटरवर येऊन तिनं मोबाइल पुढं केला. "मॅडम, एवढी पुस्तकं पायजेत. कुठंच गावंनात." पाच पुस्तकांची यादी होती. लेखक, प्रकाशक, गाव, वर्ष, सगळं जागच्या जागी. एक प्रकाशक तर चक्क साताऱ्याचा. मी आमच्या ऑनलाइन सूचीत, म्हणजे ओपॅकमध्ये पाहिलं, मग विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये, मग जगभरच्या ग्रंथालयांची एकत्र सूची असलेल्या वर्ल्डकॅटवर. दोन पुस्तकं सापडली. उरलेली तीन सापडणं शक्यच नव्हतं, कारण ती कुणी लिहिलेलीच नव्हती. यादी चॅटजीपीटीनं करून दिली होती. २०२२च्या नोव्हेंबरअखेरीस हे यंत्र लोकांच्या हातात आलं. एका शब्दापुढं कोणता शब्द शोभेल याचा अंदाज घेत ते लिहीत जातं. संदर्भ कसा दिसतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. लेखकाचं नाव ऐकल्यासारखं वाटावं, पुस्तकाचं नाव कपाटात असायलाच हवं असं वाटावं, इतकं ते जमवून देतं. मात्र ते पुस्तक खरोखर कुठल्या कपाटात आहे का, हे त्यानं पाहिलेलं असेलच असं नसतं.

मुलगी ओशाळली. मी म्हटलं, अगं, त्यात लाजायचं काय, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. बस इथं.

खरी गंमत पुढं आहे. ती जिथं-जिथं शोधत होती तिथं 'सांगली जिल्हा' असं टाकत होती. साहजिकच आहे, ती सांगली जिल्ह्यातच राहते. पण प्रतिसरकारच्या काळात, म्हणजे १९४२ ते १९४६मध्ये, सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १ ऑगस्ट १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं नाव सांगली झालं ते १९६० साली. त्या काळच्या कागदात, बातमीत, सरकारी अहवालात शोधायचं तर 'सातारा' म्हणूनच शोधायला हवं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही आपण आज 'सांगलीची' म्हणतो ती सगळी माणसं जुन्या कागदात 'साताऱ्याची' आहेत. त्यातही कुंडल ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात नव्हतंच, ते औंध संस्थानात होतं. म्हणजे एकाच चळवळीचे कागद दोन राजवटींच्या दप्तरात विभागलेले. मग शोधायचे शब्द किती झाले बघा: सातारा, दक्षिण सातारा, औंध संस्थान, प्रतिसरकार आणि लोकांच्या तोंडी जे नाव होतं ते पत्री सरकारही. इंग्रजी कॅटलॉगात या प्रत्येकाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी येतं, ते वेगळंच.

हे तिला इतिहासाच्या वर्गात कुणी शिकवणार नव्हतं. तिचे गाईड तासिका तत्त्वावरचे, दोन कॉलेजांत धावपळ करणारे, मी त्यांना दोष देत नाही. गुगल तर सांगणार नाहीच, त्याला जे विचाराल त्याचंच उत्तर ते देणार. गोष्ट कोणत्या नावानं नोंदली गेली असेल याचा विचार आधी करायचा आणि मगच शोधायला लागायचं, हे ग्रंथालयशास्त्राचं रोजचं काम आहे. सूचीकरण करताना आम्ही दिवसभर तेच करत असतो.

तिच्या कच्च्या लिखाणात 'सांगली जिल्ह्यातील शेणोली येथे रेल्वे लुटली' असं वाक्य होतं. शेणोलीची पगाराची गाडी ७ जून १९४३ला लुटली गेली हे बरोबर आहे, पण शेणोली कराड तालुक्यात आहे, तेव्हाही साताऱ्यात आणि आजही साताऱ्यात. "मॅडम, पण चार वेबसाइटवर असंच आहे." चारही उघडून शेजारी-शेजारी लावल्या. परिच्छेद तोच, स्वल्पविरामसुद्धा तेच. एकानं दुसऱ्याचं उचललेलं. चार साक्षीदार आहेत असं तिला वाटत होतं, निघाला एकच, आणि तोही कुणाचं ऐकून सांगणारा. हे पाहिल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला फार आवडलं. थोडा राग होता त्यात. फसवलं गेल्याचा.

तिचं प्रोजेक्ट काही फार थोर झालं नाही. पण शेवटच्या पानावरच्या यादीतलं प्रत्येक पुस्तक तिनं हातात घेतलेलं होतं, आणि कुंडलमध्ये जाऊन दोन म्हाताऱ्यांशी बोलून आली होती. कुणी काय सांगितलं आणि ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं की वडिलांकडून ऐकलं होतं, हे वेगवेगळं लिहिलं होतं. मला तेवढं पुरे.

आता याच्या उलट बाजू. आमच्या गेटबाहेर झेरॉक्सचं दुकान आहे. अशी दुकानं आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येक कॉलेजबाहेर असतील. सबमिशनच्या आठवड्यात तिथं पाटी लागते, 'सर्व विषयांची प्रोजेक्ट करून मिळतील'. विषय सांगायचा, पहिल्या पानावर आपलं नाव नि रोल नंबर टाकून घ्यायचा, प्रमाणपत्राचं पान, ऋणनिर्देश, स्पायरल, झालं. ऋणनिर्देशात 'ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांचे मोलाचे सहकार्य लाभले' हे वाक्य छापूनच येतं. मुलांना चोर ठरवणं सोपं आहे. पण 'हळद व्यापार : एक अभ्यास' असा विषय दिला तर दुसरं काय होणार? त्याऐवजी हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत का मागं पडली, किंवा बाजार समितीतला भाव आणि तुझ्या घरच्या पट्टीवरचा भाव यात फरक का पडतो, असा प्रश्न दिला तर झेरॉक्सवाल्याकडं तो तयार नसतो. प्रश्न असा बांधायला प्राध्यापकांबरोबर आम्हाला बसू द्या, एवढंच म्हणणं आहे.

नियम नाहीत असंही नाही. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २०१८चे विनियम आहेत. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढं १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर अशा चढत्या पायऱ्या. हेतू चांगला. परिणाम काय झाला तर एम.ए.ची आणि पीएच.डी.ची मुलं आमच्याकडं येऊन विचारतात, "मॅडम, बावीस आलंय, दहाच्या आत कसं आणायचं?" मग 'महत्त्वपूर्ण'च्या जागी 'मोलाचे', 'स्थापन केली'च्या जागी 'स्थापना करण्यात आली'. आकडा खाली येतो, चोरी तेवढीच राहते. दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचं नाव सांगायचं, इतकी साधी गोष्ट टक्केवारीत कुठं हरवली कुणास ठाऊक. साम्य मोजणाऱ्या यंत्राचा अहवाल छापून सही-शिक्का मारायला ग्रंथपाल लागतो, तो अहवाल वाचायला कसा शिकायचा हे सांगायला मात्र कुणी बोलावत नाही.

प्राध्यापकांचं बोलायचं तर तेही यातून सुटलेले नाहीत. 'आपला शोधनिबंध तीन दिवसांत प्रसिद्ध करू' असे ईमेल त्यांना रोज येतात आणि पदोन्नतीच्या घाईत काहीजण पैसे भरतातही. अशा लुटारू नियतकालिकांची यादी जगात पहिल्यांदा गाजली ती जेफ्री बील यांची, आणि ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेत ग्रंथपाल होते. २०१७च्या जानेवारीत त्यांची यादी बंद झाली. आपल्याकडं यूजीसीनं भरवशाच्या नियतकालिकांची केअर यादी काढली, तीही २०२५च्या फेब्रुवारीत बंद केली आणि नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर टाकली. संस्थेत ही पारख कुणाला येते, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय.

पण माझी जास्त काळजी प्रोजेक्टची नाही. सांगलीकरांना ही गोष्ट पटवायची तर पुराचं उदाहरण पुरेल.

जुलै लागला, कृष्णेचं पाणी चढायला लागलं की मोबाइल भरून वाहतो. 'कोयनेतून इतके लाख क्युसेक सोडले', 'अलमट्टीचे दरवाजे बंद', 'रात्रीत इर्विनला साठ फूट'. २०१९च्या ऑगस्टमधले व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात. आमच्याकडं नदीकाठच्या गावांतली मुलं आहेत, ती वर्गातून उठून घरी जातात, आई-वडील गोठ्यातली जनावरं हलवायला लागतात. काही वेळा ते योग्यच असतं, काही वेळा रात्रभराची धावपळ फुकट जाते आणि पुढच्या वेळी खरा इशारा आला तर कुणी हलत नाही. मागं एका पावसाळ्यात मी देवघेवीच्या काउंटरशेजारच्या फळ्यावर रोजची पातळी लिहायला सुरुवात केली. सांगलीच्या इर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे वर कायमचं. खाली आजचा आकडा, तो किती वाजताचा आणि कुणी दिलेला. पाटबंधारे खात्याचं पत्रक असेल तर तसं, कुणाचा फॉरवर्ड असेल तर तसंही लिहायचं. थोड्याच दिवसांत मुलं स्वतः तपासून सांगायला लागली.

एक मेसेज होता, 'कोयना धरणात १२० टीएमसी पाणी, कोणत्याही क्षणी...' वगैरे. बी.एस्सी.चा एक मुलगा फळ्यापुढं उभा राहून हसायला लागला. कोयनेची एकूण क्षमताच १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. तिच्यात १२० राहणार कुठं? हे कळायला हवामानशास्त्र लागत नाही, एक आकडा ठाऊक असावा लागतो आणि दुसरा आकडा पहिल्याशेजारी ठेवायची सवय असावी लागते. तसंच २०१९ची उच्चांकी पातळी मुलं हमखास '५७.६ फूट' अशी लिहितात. पाणी सत्तावन्न फूट सहा इंचांवर गेलं होतं, म्हणजे साडेसत्तावन्न. सहा इंचांचे सहा दशांश होत नाहीत. फरक इंचभराचा, पण पट्टी फुटाची आहे की मीटरची, टीएमसी म्हणजे साठा की क्युसेक म्हणजे पाणी सोडण्याचा वेग, हे न पाहता आकडा पुढं ढकलण्याची सवय तिथंच लागते.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर येतो का, या प्रश्नावर तर वर्गात भांडणं होतात. २०१९च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नाही, इथल्या अनेक कार्यकर्त्यांना आणि अभ्यासकांना ते मान्य नाही. मुलं मला विचारतात, "मॅडम, खरं काय?" ते सांगणं माझं काम नाही, आणि मला ते सांगताही येणार नाही. समितीचा अहवाल टेबलावर ठेवायचा, त्यावरचे आक्षेप शेजारी ठेवायचे, प्रत्येकानं कोणत्या वर्षांचे आकडे वापरलेत ते दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. ग्रंथपालाला मत असू नये असं मी म्हणत नाही, माझंही आहे, पण ते काउंटरच्या आत ठेवायचं.

हे शिकवता येतं का? येतं, आणि त्याला फार काही लागतही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी काही वर्षांपूर्वी एक पाहणी केली. १० इतिहासकार, माहितीची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे १० जण आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना काही वेबसाइट दिल्या आणि कोणती भरवशाची ते ओळखायला सांगितलं. हुशार विद्यार्थी आणि चांगले-चांगले इतिहासकारही पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, देखणा लोगो, संदर्भांची यादी, नावातलं 'कॉलेज' यावर फसले. तपासनीस मात्र पान जेमतेम पाहून त्यातून बाहेर पडले, नव्या खिडक्या उघडून 'ही संस्था कोण, हिच्याबद्दल इतर काय म्हणतात' ते आधी पाहिलं आणि कमी वेळात बरोबर उत्तर दिलं. म्हणजे नीट लक्ष देऊन वाचा, हा आपला पिढ्यान्-पिढ्यांचा उपदेश इथं उलटा पडतो. आधी बाहेर जा, सांगणारा कोण ते बघा, वाचण्याच्या लायकीचं असेल तर परत या. आमच्या मुलांना हे एका दुपारी समजतं. अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ वेळापत्रकात नाही.

इथं मराठीचा एक मुद्दा आहे, जो मुंबई-पुण्याच्या चर्चासत्रांत कुणाच्या लक्षात येत नाही. कॉलेजं ई-साहित्य पुरवणाऱ्या एन-लिस्ट योजनेची वर्गणी भरतात, हजारो ई-जर्नल्स मिळतात, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या अहवालात तो आकडा शोभून दिसतो. पण त्यातलं जवळजवळ सगळं इंग्रजीत. मराठीतून पेपर लिहिणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग किती? त्याला लागतो मराठी विश्वकोश, जो आपल्या वाईत घडला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि जो आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो. सातारा जिल्ह्यातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे, एकदा विचारून बघा. त्याला लागतात जिल्हा गॅझेटिअर, १८८५चं साताऱ्याचं आणि १९६९चं सांगलीचं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठीतले प्रबंध आहेत, ते लागतात. आणि यांतलं प्रत्येक साधन कधीचं आहे ते पाहून वापरायचं हेही लागतं. १९६९च्या गॅझेटिअरमधली लोकसंख्या आजची म्हणून उतरवणारी मुलं मी पाहिली आहेत. उलट बाजूला, कुठल्यातरी वेबसाइटवरची 'सांगली जिल्ह्याची २०२४ची लोकसंख्या' देणारीही. २०११नंतर जनगणनाच झालेली नाही, तेव्हाचा आकडा २८,२२,१४३. त्यापुढचं जे आहे तो कुणाचा तरी अंदाज, आणि अंदाज म्हणूनच लिहायला हवा.

सांगली नगर वाचनालयाची पुस्तकं २०१९च्या पुरात भिजून गेली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. जे कागद गेले ते गेले. म्हणूनच उरलेलं काय कुठं आहे हे सांगू शकणारी माणसं आता जास्त लागतात. पण होतंय उलटंच. ग्रंथपाल निवृत्त झाला की ती जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते, एखाद्या लिपिकाकडं किल्ल्या दिल्या जातात आणि 'प्रभारी' असा शिक्का बनवला जातो. जागा भरलेली असली तरी त्या माणसाचा अर्धा जन्म नॅकचे तक्ते भरण्यात जातो. आमच्या व्यवसायातल्या लोकांनाही मी मोकळं सोडणार नाही. कपाटांना कुलूप, 'पुस्तकांना हात लावू नये', चिठ्ठी लिहून द्या, तासाभरानं या, असं वागवल्यावर मुलं मोबाइलकडं गेली तर दोष कुणाचा? दर वर्षी १२ ऑगस्टला आम्ही भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो, त्यांची १९३१ची पंचसूत्री म्हणून दाखवतो. त्यातलं चौथं सूत्र, वाचकाचा वेळ वाचवा. एका कार्यक्रमात मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मग चॅटजीपीटी तुमच्यापेक्षा भारी ग्रंथपाल आहे." सभागृह हसलं, मीही हसले. नसलेली तीन पुस्तकं शोधत त्या मुलीचे किती दिवस गेले होते, ते त्याला नंतर चहा पिताना सांगितलं. तो आता येतो अधूनमधून, वाद घालायला.

मागणी साधी आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवीला फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, शोधप्रकल्प हे सगळं आलं. म्हणजे मुलानं स्वतः माहिती शोधावी, तपासावी, लिहावी अशी अपेक्षा आपण धरली, पण ते कसं करायचं याचा तास कुठंच ठेवला नाही. पहिल्या वर्षी, पहिलं प्रोजेक्ट अंगावर पडायच्या आधी, दोन श्रेयांकांचा म्हणजे तीस तासांचा अभ्यासक्रम ठेवावा, तो मराठीत असावा, ग्रंथपालानं शिकवावा आणि त्याला गुण असावेत. गुण नसलेल्या तासाला कुणी बसत नाही, हे आपण सगळे जाणतो. लेखी परीक्षा नको. प्रत्येकानं एक दावा निवडावा, बातमीतला, फॉरवर्डमधला, पाठ्यपुस्तकातलासुद्धा, आणि तो मुळात कुठून निघाला तिथपर्यंत माग काढून दाखवावा. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना हे अवघड नाही. आणि हा तास सकाळच्या वेळापत्रकात हवा. 'दुपारी लायब्ररीत घ्या' असं म्हणाल तर आमच्या मुली येणारच नाहीत. त्यांची दीडची एसटी चुकली तर पुढची साडेचारला आहे, आणि साडेचारची चुकली तर घरी कॉलेजच बंद करायच्या गोष्टी सुरू होतात.

शेवटी एक विनंती आपल्यालाही. पावसाळ्यात आपल्या अंकात पहिल्या पानावर इर्विनची पाणीपातळी येते, आणि मी तो कात्रणाचा चौकोन फळ्यावर चिकटवते. त्यात पातळी असते, वेळ नसते. अंक छापून आमच्यापर्यंत येईपर्यंत पाणी दोन-तीन फूट वर किंवा खाली गेलेलं असू शकतं आणि मुलं मोबाइलवरचा आकडा दाखवून 'पेपरवाले चुकले' म्हणतात. चुकलेलं कुणीच नसतं, एक पातळी संध्याकाळची असते आणि दुसरी पहाटेची. तेव्हा यंदापासून आकड्याखाली 'किती वाजता घेतलेली नोंद' आणि 'कुणाकडून' एवढी एक ओळ छापावी. चौकोनात जागा आहे, मी मोजून पाहिलं.

आपली,
एक ग्रंथपाल,
ता. पलूस, जि. सांगली
(नाव व पत्ता आपल्याकडे स्वतंत्र पाठवला आहे, कृपया छापू नये.)